पार्लरच्या दारातल्या चपला

त्या दिवसांत माझी झोप उडाली होती ती ॲपमुळे, असं आमच्या सरांना वाटायचं. मीही तसंच वाटू दिलं. खरं कारण वेगळं होतं. ज्युनिअर केजीच्या टीचरनी मला गेटपाशी थांबवून विचारलं होतं, "ओवी घरी तरी बोलते ना?"

घरी ती इतकी बोलते की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. शाळेत मात्र जूनपासून एक शब्द नाही. पाणी हवं तर बाटली दाखवते, बाथरूमला जायचं तर दाराकडे बघते. मी मोबाइलवर शोधलं, आणि असल्या गोष्टी मोबाइलवर शोधल्या की माणूस आणखी जागं राहतं. सासूबाई म्हणाल्या, मुलगी आईवर गेली असेल. मी लहानपणी गप्प नव्हते, हे त्यांना पटवायला माझ्याकडे साक्षीदार नव्हता.

पण सांगायला बसलेय ते ॲपचे किस्से. असले किस्से ओट्याखालच्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. एकीत दुसरी कोंबत जातो, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर.

मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी जळगावातून, घरी बसून काम करते. मोबाइल ॲपमध्ये कुठलं बटण कुठे, कुठल्या रंगाचं, हे ठरवायचं. कंपनीला ब्यूटी पार्लरच्या अपॉइंटमेंटचं ॲप काढायचं होतं. सर म्हणाले, "तू तिथलीच आहेस, एखादं पार्लर पकड." मी आमच्या गल्लीतल्या संगीताताईंना पकडलं. त्यांचं माहेर धुळ्याकडचं. जळगावात येऊन इतकी वर्षं झाली, तरी गिऱ्हाइकांशी अहिराणीतच बोलतात. दुपारी सासूबाई भजनाला जायच्या, त्यामुळे ओवी माझ्यासोबत पार्लरमध्ये. तिथेही ती कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प.

*

मी पहिला स्क्रीन काढला होता तो असा: एक व्यक्ती, एक वेळ, एक खुर्ची. सरांना फार आवडला. म्हणाले, "क्लीन आहे."

पहिलं बुकिंग एका बाईंच्या आयब्रोचं. त्या आल्या. सोबत जाऊ, नणंद, नणंदेची मुलगी आणि शेजारीण. मी फोन पुढे करून विचारलं, बाकीच्यांचं बुकिंग कुठे? जाऊ म्हणाली, आम्हाला काही करायचं नाही, आम्ही हिच्यासोबत आलोय. मग आलात कशाला, असं माझ्या तोंडावर उमटलं असावं.

"दोन्ही भिवया सारख्या झाल्या का, ते हिला कोण सांगणार?" जाऊ म्हणाली.

संगीताताई दोरा ताणत म्हणाल्या, "बठ्ठा गाव लई उनी का व माय?" आणि आलेल्या सगळ्या गावासाठी पंखा वाढवला.

मी 'ग्रुप बुकिंग' नावाचं बटण दिलं. पुढच्याच आठवड्यात पाचोऱ्याहून एका बाईंनी ग्रुप बुक केला आणि एकट्याच आल्या. बाकीच्या कुठे आहेत, विचारलं. त्या म्हणाल्या, कुणीच नाही, पण दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असल्या की मोकळं वाटतं!

*

ॲपमध्ये शिरायला मोबाइल नंबर लागतो. बऱ्याच बाया नवऱ्याचा नंबर देतात, काही सासऱ्यांचा. हे मला आधी सुचायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या गॅसच्या बुकिंगला आमच्या ह्यांचाच नंबर आहे.

एका दुपारी पार्लरच्या पायरीवर पांढऱ्या धोतर-टोपीतले एक आबा येऊन बसले. लेडीज पार्लर, आत यायची सोय नाही. संगीताताईंनी बाहेर जाऊन विचारलं, कोणाला न्यायला आलात? आबांनी फोन पुढे केला. त्यावर माझाच मेसेज होता: 'आज चार वाजता तुमचं फेशियल आहे. कृपया वेळेवर या.'

सून माहेरी गेली होती आणि बुकिंग रद्द करायचं विसरली होती. मी चारदा माफी मागितली. आबा काही रागावले नाहीत. म्हणाले, "कृपया म्हणलंय, तर म्हटलं जाऊन तर येऊ."

संगीताताईंनी त्यांना चहा पाजला. जाताना ते दारातूनच ओवीला विचारत होते, तुझं नाव काय. ओवीने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं, म्हणजे तरी ती बोलेल. नाही बोलली.

*

यानंतरची चूक पूर्णपणे माझी, असं मी सरांना मेलमध्ये लिहिलं. संगीताताईंना मात्र ते मान्य नव्हतं.

झालं असं, की काम संपलं की हिरवी खूण दाबायची आणि अपॉइंटमेंट रद्द झाली की लाल फुली. मी जगात सगळीकडे हेच पाहिलेलं. एके संध्याकाळी एक गिऱ्हाईक परत आलं. वॅक्सिंग, आयब्रो, सगळं होऊन घरी गेलेली बाई, तोंड उतरलेलं. तिला घरी पोचताच मेसेज आला होता: 'क्षमस्व, तुमची अपॉइंटमेंट रद्द करण्यात आली आहे.' तिला वाटलं, कामात काही खोट राहिली.

मग कळलं की त्या दिवशीच्या सगळ्यांनाच हा मेसेज गेलाय. संगीताताईंच्या भिंतीवर दाणेबाजारातल्या एका दुकानाचं कॅलेंडर असतं. त्यावर त्या नावं लिहितात, आणि काम झालं की नावावर काट मारतात. झालं काम, मारली फुली! ॲपमध्येही त्यांनी तेच केलं.

"संपेल कामावर बरोबरची खूण कशाले करू?" त्या म्हणाल्या. "मी काय पेपर तपासस?"

सरांनी बटणं बदलायची नाहीत असं ठरवलं. संगीताताईंनी फुली बदलायची नाही असं. मी मधे.

*

आता चपलांचं.

पार्लरमध्ये आत जी ती पंख्याखाली जागा मिळेल तिथे बसते. नंबर असतो तो बाहेर. पायरीवर चपला जशा ओळीत लागतील, तसा नंबर. ॲपवर वेळ घेतलेल्या बायाही आल्या की आधी ओळीत चपला लावतात. हे मला पहिले काही आठवडे कोणी सांगितलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं संगीताताई नंतर म्हणाल्या.

शाळेत ओवीला बूट नीट लावायला शिकवलेलं. लग्नसराईतल्या एका भर गर्दीच्या दुपारी ती बाहेर गेली आणि तिने सगळ्या चपला नीट लावल्या. लहानापासून मोठ्यापर्यंत, सरळ ओळीत. मला कौतुक वाटलं. मी फोटोही काढला.

त्यानंतर नंबर पायाच्या मापाने लागला. सगळ्यात शेवटी आलेली कॉलेजची मुलगी, पाय एवढेसे, थेट खुर्चीत. सकाळपासून बसलेल्या नवरीच्या मावशीच्या चपला मोठ्या, त्या शेवटी. मावशी बाहेर येऊन बघते तर काय! आत ओरडा सुरू झाला, पण तोवर त्या मुलीची एक भिवई झाली होती. एकीवर तिला उठवणार कसं?

संगीताताई ओवीवर रागावल्या नाहीत. तिच्यासमोर उकिडव्या बसून म्हणाल्या, "चप्पलले हात नको लावू माय. चप्पल म्हणजे नंबर शे."

तेव्हापासून ओवी स्टूल सोडून दारात उभी राहू लागली. कमरेवर हात ठेवून. कोणी मधेच चप्पल घुसवली की नुसतं बोट दाखवायची. बाया निमूट मागे न्यायच्या. तोंडातून शब्द नाही.

*

सर पुण्याहून बघायला आले, तो किस्सा छोटा आहे. लेसचे बूट घालून ते घाईने पायरी चढले. संगीताताई आतूनच म्हणाल्या, "आधी बूट काढा, सर. तुमना नंबर मांगे शे."

सरांनी बूट काढले, ओळीत ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी बाहेर बाकावर बसून राहिले. ओवी त्यांच्या बुटांवर नजर ठेवून होती.

*

मग एक दिवस शाळेतून फोन आला. टीचर म्हणाल्या, जरा येऊन जा. स्कूटीवर जाताना मी मनातल्या मनात डॉक्टरांपर्यंत पोचले होते.

टीचरनी सांगितलं ते असं. मधल्या सुट्टीत घसरगुंडीवर रोज ढकलाढकली होते. ओवी बोलत नाही, म्हणून तिला रोज मागे ढकलतात. आज तिने शिडीपाशी आपले बूट काढून ठेवले. मागच्या मुलाने बघून आपले ठेवले. बघता बघता बुटांची रांग लागली आणि ढकलाढकली थांबली. तेवढ्यात मोठ्या मॅडम राउंडला आल्या. मुलं अनवाणी! त्यांनी पहिल्या बुटांकडे बोट दाखवून चढ्या आवाजात विचारलं, हे कोणाचे?

"ओवी म्हणाली, 'माझे,'" टीचर म्हणाल्या.

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

"थांबा, अजून आहे. मोठ्या मॅडम ते बूट उचलायला वाकल्या. तर ही कमरेवर हात ठेवून पुढे आली, आणि म्हणाली, 'हात नको लावू माय. तुना नंबर मांगे शे.'"