त्यांच्या नावाची मूठ

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घ्यायची रीत अशी, की घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची मूठ सुपात टाकायची. इंग्रजांच्या काळातली गोष्ट. साक्रीजवळच्या माझ्या सासरी हे काम सासूबाईंचं. त्या वर्षी त्यांनी सासऱ्यांचं नाव घेतलं, मोठ्या दिरांचं घेतलं, पाळण्यातल्या पुतण्याचंही घेतलं आणि हात झटकले.

माझे मालक गोठ्यात होते, पायात साखळी. आदल्या उन्हाळ्यात त्यांची झोप उडाली, बोलणं भरकटलं, एकदा विहिरीकडे धावले. तेव्हापासून बैलांशेजारी बांधलेले. भगत झाले, मिरच्यांची धुरी झाली. मी हट्ट धरला म्हणून एकदाच गाडी जुंपून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हा आजार आहे. बांधू नका. नावाने हाक मारा, जवळ बसा, झेपेल ते काम द्या." घरी येताच साखळी परत लागली. ताप आला असता तर सगळं घर उशाशी बसलं असतं. डोकं बिघडलं, तर भाकरी लांबून सरकवायची! माझा नुसता संताप व्हायचा, पण सुनेच्या संतापाला विचारतं कोण? घरदार त्यांना 'येडा' म्हणे, आणि मी पडले बायको, मला नाव घ्यायची सोय नाही. त्यांचं नाव घेणारं घरात कोणी उरलंच नव्हतं.

"आत्याबाई, एक मूठ राही गयी," मी सासूबाईंना म्हणाले.

"त्यानी मूठ कसाले? त्याले काय समजस?"

"मंग मी कुंकू कोना नावनं लावस?"

मी पुढे झाले, मूठभर गहू उचलले आणि त्यांचं नाव घेतलं. उखाण्यात नाही, सरळ, मोठ्याने.

गोठ्याच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "ओ."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. किल्ली घेऊन त्या गोठ्यात गेल्या. त्यांचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

रोट घरच्यांनी मिळून पौर्णिमेपर्यंत संपवायचे असतात, तेवढे दिवस माझे मालक मोकळे होते. पंगतीत भाऊबंदांनी आपापली पानं लांब ओढली. ते एकटेच जेवले, मान खाली घालून, अगदी नीट. पौर्णिमा झाली आणि साखळी पुन्हा लागली. गावभर चर्चा झाली ती माझी, नवऱ्याचं नाव घेतलं हो हिने! साखळीची लाज कोणालाच वाटली नाही.

मग मीही भीड सोडली. रोज संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी डाळ निवडत बसायची आणि नाव घ्यायची. कधी 'ओ' यायची, कधी नाही. पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. फार एकटं वाटे तेव्हा.

आता गहू जाऊबाई घेतात. मालक गेल्यापासून मला सुपाला हात लावायचा नाही, आणि गेलेल्या माणसाची मूठ नसते. शेवटचं नाव झालं की मी कोपऱ्यातून त्यांचं नाव घेते, आणि थोडी थांबते.