बिनआवाजाचे माग

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही वळसंग सोडून सोलापुरात आलो. भिंतीला भिंत लागून एका तेलुगू कुटुंबाचे माग होते, दिवसरात्र खडखडणारे. पहिले आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. पुढे त्या आवाजाशिवाय झोप येईना. आई त्यांच्यासाठी घरी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची.

दोन वर्षांनी आई तापाने गेली. मी बारा-तेरा वर्षांची होते. मग ती स्वप्नात येऊ लागली, आणि मला एक खूण सापडली. स्वप्नात माग चालू दिसायचे, धोटा इकडून तिकडे पळायचा, पण आवाज नसायचा. आवाज नाही म्हणजे हे स्वप्न, आणि आई आता जाणार. हे मला तिथल्या तिथे कळायचं. हातातलं सगळं टाकून मी तिला चिकटून बसायची.

"आई, सपान हाय हे. उठू नगं."

"व्हय की. मग सपनात तरी केस विंचरून घे."

ती फणी घ्यायची आणि मी मुद्दाम डोकं हलवायची, गुंता वाढावा म्हणून. हे सगळ्यांनाच येतं असं मी धरून चालले होते. जपायला हवं, हे कुठून सुचणार?

एकोणऐंशीत लग्न होऊन वैरागला आले. तिथे जागेपणीही शांत आणि स्वप्नातही शांत. खूणच पुसली गेली. आई येत राहिली, पण ते स्वप्न आहे हे मला कळेनासं झालं. माहेरी गेले की मागांच्या आवाजात हट्टाने झोपायची. चार दिवसांच्या पाहुणीला ती खूण परत सापडली नाही.

"मनी वसे ते स्वप्नी दिसे. आई दिसती न्हवं? मग रडतीस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. दिसण्यावर माझं भागत नव्हतं.

आताही आई येते. मी चुलीपाशी असते, ती फणी घेऊन दारात उभी.

"ये की, केस विंचरते."

मला ती जिवंतच वाटते, उद्याही असणारच अशी.

"थांब गं, भाकरी करपंल," मी म्हणते, वळूनसुद्धा न बघता.

आणि ती थांबते, मला जाग येईपर्यंत.