पानिपताहून थेट कोरियात

नोएडातल्या एका कोरियन कारखान्यात मी दुभाषी आहे. एकदा आमच्या नागपूरकडच्या फिटरचं बोट पत्र्याखाली सापडलं आणि तो ओरडला, "आई गं!" शेजारच्या कोरियन इंजिनिअरने आधी त्याच्या बोटाला रुमाल बांधला, मग मला विचारलं, "हा कोरियन कधी शिकला?" कारण दुखलं-खुपलं की तेही ओरडतात, "आयगो!"

ही गंमत मी दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या मराठी मंडळात सांगितली. चुकलंच. तिथे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. जगातला कुठलाही शब्द पकडायचा आणि त्याला मराठी नाक-डोळे चिकटवायचे, हा त्यांचा उद्योग. अभ्यास शून्य, आवाज मात्र खणखणीत.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, काला अंब इथल्या लढाईच्या स्मारकावर गेली. स्मारकापुढे काकांनी माइक घेतला.

"इथून वाचलेले काही मराठे पूर्वेला गेले. पार कोरियापर्यंत! पुरावा? तिथली माणसं आजही 'आई गं' म्हणतात. विचारा या ताईंना!"

माना माझ्याकडे वळल्या. इतकी माणसं जिथे मेली, तिथे उभा राहून हा माणूस टाळ्या गोळा करत होता. मला किळस आली.

"काका, आयगो हा नुसता उद्गार आहे, त्यात आई नाही," मी म्हटलं. "आपली आई प्राकृतातून आली की द्राविडी भाषांतून, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. कोरियनमध्ये 'आइ' म्हणजे लहान मूल. आईला ते 'ओम्मा' म्हणतात."

काकांनी डोळे मिटले. "ओम्... मा," ते सावकाश म्हणाले. "ओंकार आणि माता! आणखी काय पाहिजे?"

टाळ्यांचा कडकडाट. "बिल्कुल!" मागून कुणीतरी ओरडलं. दिल्लीत पोरांशी हिंदीत बोलणारी ही मंडळी, मराठी कोरियात पोचल्याच्या आनंदात न्हाऊन निघाली होती.

परतताना शेजारच्या बाई तिळगूळ देत म्हणाल्या, "जाऊ दे ना यार. लोकांना बरं वाटतं."

महिन्याभरात मंडळाच्या अंकात काकांचा लेख आला. खाली आभार: 'कोरियन भाषेच्या तज्ज्ञ ताई'. मी फोन करून खडसावलं.

"अगं, नाव कुठे छापलंय तुझं?" काका म्हणाले. "बरं, आता चीन घेतोय. चिनी येणारं कुणी आहे का तुझ्या ओळखीचं?"

मी फोन कापला.