चार खटके एका ओळीत

पोळा होऊन आठवडा झाला होता. आमची तुकडी आलापल्लीच्या पुढे जंगलात तळ देऊन होती. चांदा तेव्हा एकच जिल्हा होता आणि गडचिरोली त्यातलं एक गाव. मोजणीवाल्यांना सोबत करायची, त्यांचं रेशन पोचवायचं, वायरलेस चालू ठेवायचा, एवढंच आमचं काम. लढाई कुठे नव्हती. इथे घाबरण्यासारखं काही नाही, असं मी घरी पत्रात कळवलं होतं. मी भित्रा आहे हे घरच्यांना ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम कळवलं.

मी लान्स नाईक, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. गाव वरोरा. कापसाच्या गाड्या मोजत लहानाचा मोठा झालो, पोहायला कधी शिकलो नाही. फौजेत ही गोष्ट मी होईल तितकी लपवून ठेवली होती.

तुकडीचे प्रमुख हवालदार शेलार, साताऱ्याकडचे. बोलणं मोजकं. एकदा सांगितलं की काम झालं, असं धरून चालणारा माणूस. मी घाईत ‘मले’ म्हणालो की तेही मिशीत हसून ‘तुले काय?’ विचारायचे, तेवढीच त्यांची चेष्टा. ड्रायव्हर नाईक युसूफ, चांद्याच्या किल्ल्याजवळचा. त्याचे वडील टेलर होते, आणि वर्दीला इस्त्री नसेल तर युसूफला जेवण जात नसे.

जीप महायुद्धातली होती. स्टिअरिंग डावीकडे, बॅटरी सहा व्होल्टची. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन ती चढावर बंद पडायची, म्हणून वर्कशॉपने इंजिनाला पेट्रोल देणारा जुना पंप काढून विजेवरचा बसवून दिला होता. त्यात वायरलेस आला, स्पॉटलाइट आला, डॅशबोर्डवर छोटा पंखा आला. प्रत्येकाची वायर वेगळी आणि प्रत्येकाचं बटन वेगळ्याच जागी. पंखा लावायला गेलं की हाताला स्पॉटलाइट लागायचा. शेलार म्हणाले, एक पॅनल कर आणि सगळं एका जागी आण.

हे काम मी मन लावून केलं. माझ्याकडे भंगारातल्या गाड्यांचे तीन प्रकारचे स्विच होते. ओढायचे होते, पण ते धक्क्याने आपोआप आत जायचे. फिरवायचे होते, त्यांत धूळ बसायची. मी खटक्याचे निवडले, पितळी, वर केला की चालू आणि खाली केला की बंद. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला हातड्रिलने चार भोकं पाडली. ट्यूबचे तुकडे कापून मागे वायसर घातले, प्रत्येक वायरला फ्यूज दिला आणि दोन्ही सीटच्या मधोमध डॅशबोर्डखाली पट्टी ठोकून पॅनल पक्कं केलं. पंखा, स्पॉटलाइट, वायरलेस, पंप. चारही खटके एका ओळीत, सारख्या अंतरावर.

एका ओळीत बसवण्यामागे माझा विचार होता. गाडी पाण्यात घालण्याआधी आमच्याकडे ठरलेली कवायत असे. फॅनबेल्ट उतरवायचा, डिस्ट्रिब्युटरला ग्रीस लावायचं आणि जास्तीची सगळी वीज बंद करायची. ऑर्डर एकच, ‘सगळे ऑफ.’ माझ्या पॅनलवर तळहात वरून खाली एकदा फिरवला की चारही खटके खाली. चार जागी बटनं शोधायची कटकट संपली. मी युसूफला तसं करूनही दाखवलं. तो खूश झाला.

युसूफ गेल्यावर शेलारांनी पॅनल पाहिलं आणि शेवटच्या खटक्यावर बोट ठेवलं.

“हा पंप ना? मग हा ह्या ओळीत नको. वेगळा बसव.”

मी म्हणालो, त्याला लाल रंग देतो, ड्रायव्हरच्या लक्षात राहील.

“घाईत रंग दिसत नाही. हात चालतो. वेगळा बसव.”

मी होकार दिला. पण वेगळा बसवायचा तर पत्र्यात एक रिकामं भोक राहणार होतं, आणि ते मला बघवत नव्हतं. दुसरा पत्रा मिळाला की करू म्हणून मी लाल रंग लावून ठेवला. चार दिवस गेले. शेलारांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी नदीपलीकडच्या मोजणीवाल्यांच्या कॅम्पचा वायरलेस लागेना. आदल्या संध्याकाळी तिथून दोघांना ताप चढल्याचं कळलं होतं. सात वाजता आम्ही कुनैन, रेशन आणि जादा बॅटरी घेऊन निघालो. मी पुढे युसूफशेजारी, शेलार मागे वायरलेसजवळ. वाटेतल्या टोल्यावरून, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्तीतून, महागू ढीवर बरोबर आला. नदीत जाळं टाकणारा, पन्नाशीचा माणूस. नदी पायी ओलांडण्याजोगा उतार कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी नदीवर पोचलो. स्वच्छ ऊन होतं. पाणी गुडघ्याच्या थोडं वर असेल. मला मात्र ते फार रुंद दिसलं. महागू बांबू टेकत पलीकडे जाऊन आला. तो म्हणाला, “आता जमते. पण थांबू नोका. वरतं डोंगराकडं आभाळ काळं हाय.”

शेलारांनी सेटवर सांगितलं, “नदीवर पोचलो. पार करतो. पलीकडून बोलतो. ओव्हर.” मग बेल्ट उतरला का, ग्रीस लागलं का, ते विचारून घेतलं आणि ऑर्डर दिली, “सगळे ऑफ.”

युसूफने तळहात फिरवला. खटखट असा एकच आवाज झाला. मी बघत होतो. चारही खटके एकदम खाली गेले आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो, आपलं काम छान झालं एवढंच त्या क्षणी मनात आलं.

कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर जीप निम्मी नदी चालली. महागू पुढे बांबू घेऊन. पाणी पायाखालच्या पत्र्यावर आलं. मग इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. एकदम सगळीकडे नुसता पाण्याचा आवाज.

युसूफने स्टार्टर दाबला. इंजिन फिरलं, धरलं नाही. मी खाली पाहिलं. लाल खटका बाकीच्यांबरोबर खाली होता. मी तो वर केला, पंप टकटक करायला लागला, पण तोवर सायलेन्सरमधून पाणी आत गेलं होतं. युसूफ माझ्याकडे बघून म्हणाला, “काऊन रे, पंप होता काय तो?”

महागू वळून वर बघत होता. पाणी गढूळ झालं होतं, त्यावरून पानं आणि काटक्या येत होत्या.

“हवालदार भाऊ, पाणी चढून राह्यलं. गाडी सोडा. उतरा.”

शेलारांनी बंपरचा दोर सोडवला, एक टोक जीपला ठेवलं आणि दुसरं घेऊन महागूबरोबर पलीकडचा काठ गाठला. दोर झाडाला बांधला. युसूफ दोर धरून निघाला आणि पोचला. आता मी राहिलो होतो. पाणी सीटला लागलं होतं. मी विंडस्क्रीनची चौकट दोन्ही हातांनी धरून बसलो. दोर हातभर अंतरावर होता. काठावरून सगळे मला ओरडून सांगत होते आणि माझी बोटं सुटत नव्हती. इतका मी त्यानंतर कधी घाबरलो नाही, पुढे खऱ्या गोळीबारातही नाही.

शेलार परत आले. छातीपर्यंतच्या पाण्यातून, दोर धरत. मागे महागू. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. रागावले नाहीत.

“माझ्याकडं बघ. पाण्याकडं बघू नको. चल.”

त्यांनी मला महागूच्या खांद्यावर ढकललं आणि स्वतः प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभे राहिले, म्हणजे लोंढा त्यांच्या अंगावर यावा. महागूने मला ओढत नेलं. माझे पाय वाळूला लागले तेव्हा मागे मोठा आवाज झाला. एक अख्खं झाड वाहत आलं आणि जीपवर आदळलं. जीप उलटली, दोर तुटला. मी वळून पाहिलं तेव्हा तिथे शेलार नव्हते. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन मैल खाली ते सापडले. महागूलाच सापडले. त्याने स्वतःचं धोतर त्यांच्यावर पांघरलं होतं. मला जवळ जाववेना, तेव्हा तो म्हणाला, “ये भाऊ. तुयासाठी परतला होता माणूस.”

महिन्याभराने चौकशी झाली. मेजरसाहेब टेबलापलीकडे, आम्ही एकेक करून आत. युसूफने खटके आपण पाडले हे सरळ सांगितलं. मीही पॅनल मी बसवलं, पंप त्याच ओळीत घेतला, हे कबूल केलं. मग साहेबांनी विचारलं, “यात धोका आहे, असं तुला कुणी बजावलं होतं?”

शिक्षेची भीती, बाहीवरची फीत जाण्याची भीती, घरी काय सांगू याची भीती. सगळ्या भीती एकदम उभ्या राहिल्या.

“नाही, साहेब,” मी म्हणालो.

शेलार बोलले तेव्हा युसूफ पॅनलपाशी नव्हता, त्याला माहीत नव्हतं. माझी फीत राहिली. वर्षभरात बढतीही मिळाली. मी पुढे वीस वर्षं नोकरी केली, पेन्शन घेतो. शेलारांच्या गावी एकदा गेलो होतो. त्यांच्या पत्नीने मला जेवू घातलं. ते तुमच्याबद्दल पत्रात लिहायचे, म्हणाल्या, पोराच्या हातात कसब आहे. मी मान खाली घालून जेवलो आणि तिथेही काही सांगितलं नाही.

चौकशीच्या कागदावर लिहिलेलं आहे की हा धोका आधी कुणाच्याही लक्षात आला नव्हता. ते खरं नाही. हवालदार शेलारांच्या लक्षात आला होता. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.