जुन्या चाचण्यांचा फोल्डर

चूक माझ्या लक्षात आली तेव्हा मी जमिनीपासून बरीच वर होते. पाठीवर जेटपॅक, हातात शत्रूचा झेंडा. हे अर्थात पडद्यावर. प्रत्यक्षात मी कोरमंगलातल्या एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर बसले होते. डबा खाऊन झाला होता आणि जेवणाच्या सुट्टीची पंधरा मिनिटं उरली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याची पक्की नोकरी सोडून बंगलोरला आले होते आणि सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होते. नवरा आणि तीन वर्षांची मुलगी पुण्यातच होती. आमचं ठरलेलं होतं, मी कायम झाले की त्याने राजीनामा द्यायचा आणि दोघांनी इकडे यायचं. बनशंकरीत दोन खोल्यांचं घर मी आधीच घेऊन ठेवलं होतं. कायम होण्याचं पत्र मिळायला अकरा दिवस राहिले होते.

तो खेळ आमच्या विभागातले आठ-दहा जण रोज दुपारी अर्धा तास खेळत. परग्रहावरच्या टेकड्या, दोन संघ, दोघांचे झेंडे. समोरच्याचा झेंडा उचलून आपल्या तळावर आणायचा. जेटपॅकने उडायचं, इंधन संपलं की खाली यायचं, उताराचा वेग घेऊन पुन्हा उडायचं. सगळं इतक्या वेगाने चाले की दुसरा विचार करायला जागा नसे. मी त्यासाठीच खेळत होते. त्या अर्ध्या तासात मला मुलीची आठवण येत नसे. बाकी साडेतेवीस तास येई.

ऑफिसात खेळांना बंदी होती. दर शुक्रवारी सिस्टिम विभागाचा माणूस प्रत्येकाचं मशीन तपासून असलं काही सापडलं तर पुसून टाकी. खेळ कुठे लपवायचा यावर बरीच चर्चा झाली आणि तोडगा मी काढला. सर्व्हरवर आमच्या प्रकल्पाच्या फाइली होत्या, त्यांत ‘जुन्या चाचण्या’ असा एक फोल्डर होता. जुन्या चाचण्या कोण उघडून बघतो? खेळ त्यात टाकला. चार महिने कोणाला पत्ता लागला नाही.

त्या सकाळी मी प्रकल्पाची सीडी क्लायंटला पाठवली होती. डिलिव्हरीचं काम माझ्याकडे होतं. सीडी लिहायची, त्यातल्या सगळ्या फाइलींची यादी छापायची, यादीवर आधी माझी सही, मग साहेबांची, मग कुरियर. या वेळी क्लायंटने जुन्या चाचण्याही मागवल्या होत्या. मी अख्खा फोल्डर उचलून घातला. सीडी लिहायला नेहमीपेक्षा फार वेळ लागतोय हे मला दिसलं होतं. चाचण्या बऱ्याच असतील, असं म्हणून मी चहा प्यायला गेले होते.

आणि आता हवेत असताना मला आठवलं, हा खेळ आपण रोज कुठून सुरू करतो.

मी की-बोर्डवरचे हात उचलले. इंधन संपलं आणि मी झेंड्यासकट खाली आपटले.

“अक्का! काय करताय?” पलीकडच्या टेबलावरून एक सहकारी ओरडला. तो बंगलोरचाच. त्याचं घराणं तिथे कित्येक पिढ्या होतं आणि त्याचं मराठी अर्धं कन्नड. “झेंडा घेऊन कोण मरतं हो असं?”

“इकडे ये. लवकर.”

तो आला. मी हळू आवाजात सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.

“सहीची यादी?”

“दोन सह्या. साहेबांनीही वाचली नाही, मीही नाही. बावीस पानं होती.”

“सीडीचा बॉक्स कुठे गेला?”

“कुरियरवाले बारा वाजता घेऊन गेले. गाडी साडेचारला विमानतळावर जाते.”

“मग बसलात कशाला? उठा की!”

खाली उतरून रिक्षा पकडली. मला तेव्हा कन्नड येत होतं ते भाजी घेण्यापुरतं. “स्वल्प बेगा,” म्हणजे जरा लवकर, असं मी चारदा म्हणाले. पाचव्या वेळी रिक्षावाल्याने मान वळवून हिंदीत विचारलं, “मॅडम, आपको चलाना है?” मग मी गप्प बसले. घड्याळ मात्र बघत राहिले. कोणी घरचं आजारी आहे का, असंही त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. त्याने आणखी काही विचारलं नाही, पण वेग वाढवला.

कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर एक बाई होत्या. मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी माझी सही पावतीवरच्या सहीशी ताडून पाहिली, मग पुन्हा ताडून पाहिली.

“परत का नेताय?”

“चुकीच्या वस्तू गेल्यात आत.”

“स्फोटक वगैरे नाही ना?” त्या हसल्या. मला हसू आलं नाही. बॉक्स मिळाला. साडेचारच्या आत आणला तर याच गाडीने जाईल, असं त्यांनी सांगितलं.

परत आले तेव्हा अडीच वाजले होते. फोल्डरमधला खेळ वगळला आणि नवी सीडी लिहायला लावली. सीडी लिहिली जात असताना त्या मशीनला कोणी हात लावायचा नसतो, मध्ये जरा अडखळलं की सीडी फुकट जाते. मी खुर्ची ओढून पहारा करत बसले. पावणेचार वाजता यादी छापून झाली. सहा पानं.

सहकाऱ्याने यादी उलटीपालटी केली. “डिस्क खराब होती म्हणून सांगा साहेबांना. नवी केली, सरी, झालं, विषय संपला.”

मी वाटेत तेच ठरवलं होतं. पण डिस्क खराब निघाली असती तर यादी तीच राहिली असती. सकाळी बावीस पानं आणि दुपारी सहा, हे साहेबांना दिसणारच होतं. जुनीच यादी बॉक्सात घालावी तर क्लायंट फाइली मोजणार. प्रामाणिकपणाचं श्रेय मी घेत नाही. खोटं बसत नव्हतं.

साहेब तमिळ होते, बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांनी यादी हातात घेतली आणि लगेच विचारलं, “सोळा पानं कुठे गेली?”

“तो खेळ होता.”

“कसला खेळ?”

“उडत उडत गोळ्या मारायचा. आम्ही दुपारी खेळतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“तिथे ठेवला मी. सीडीही मी लिहिली.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग पेन घेऊन सहाही पानं एकेक करून वाचली. मी घड्याळाकडे बघत उभी. चार वाजून पाच मिनिटांनी त्यांनी सही केली.

“आधी हे पोहोचवा,” ते म्हणाले. “बाकीचं नंतर.”

बॉक्स चार पंचवीसला काउंटरवर ठेवला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “अरे, आलात!” आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी तिथेच पायरीवर बसले.

अकरा दिवस साहेब काही बोलले नाहीत. खेळ मी स्वतः सर्व्हरवरून पुसला. त्यावरून आठवडाभर निम्मा विभाग माझ्याशी बोलत नव्हता. रोज सकाळी मी आधी टेबलावर पाकीट आहे का बघायची. बाराव्या दिवशी होतं. प्रोबेशन आणखी सहा महिने वाढवलं होतं, कारण ‘डिलिव्हरीच्या कामातील निष्काळजीपणा’. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी घराजवळच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. नवऱ्याने पहिल्या घंटेलाच उचलला.

“झालं?”

“नाही. आणखी सहा महिने.”

“का?”

मी सगळं सांगितलं.

“म्हणजे आम्ही इथे दिवस मोजतोय,” तो शेवटी म्हणाला, “आणि तू तिकडे उडत होतीस.”

“हो.”

“रोज?”

“रोज अर्धा तास.”

पलीकडे मुलीचा आवाज येत होता. कोणाचा फोन आहे, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

“मी राजीनामा लिहून ठेवलाय,” तो म्हणाला. “नुसती तारीख घालायची आहे.”

मी काचेतून बाहेर पाहिलं. माझ्यामागे दोन माणसं रांगेत होती. सहा महिन्यांनी मला कायम करतील याची खात्री नव्हती. काढून टाकतील, याचीही नव्हती.

“घालू नकोस,” मी म्हणाले.

“हिच्याशी बोलतेस?”

“बोलते. पण तुम्ही इकडे कधी येणार ते तिला तू सांग. मला विचारलं तर मला सांगता येणार नाही.”

मग रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.