चार वेळा घातलेले थेंब

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कागल भागात फौजदार होतो. नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळतात. हा एक मात्र जसाच्या तसा समोर उभा राहतो.

सकाळची हजेरी चालू असताना एक शेतकरी ठाण्यात आला. "सायब, माझ्या भनीचा डोळा तिच्या नवऱ्यानं घालवला. रोज कायतरी ओतत हुता." बहीण कोल्हापूरला दवाखान्यात होती. डोळा काढावा लागला होता.

तक्रार नोंदवली. दुपारी नवरा समोर आला.

"डोळ्यात कोण घालत होतं?"

"मीच की, सायब. दिवसातनं चारदा."

"काय घालत होतास?"

"औशद."

तो खाली बघून बोलत होता. खाली बघणारा खोटं बोलतो, असा माझा समज. मी त्याच्या कानशिलात लगावली आणि त्याला कोठडीत टाकलं.

झडतीत कोनाड्यात एक छोटी बाटली मिळाली. पंचनामा करून ती मी कोल्हापूरच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवली. बाटलीवरचं नाव वाचताच त्यांनी ती बाजूला ठेवली.

"हे स्टेरॉइड. ऊस तोडताना हिच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं, जखमेत बुरशी धरली. या थेंबांनी लाली उतरते, ठणका कमी होतो. पण शरीराची झुंजायची ताकदही दबते. बुरशीला रान मोकळं."

खाटेवरून त्याची बायको ऐकत होती. "त्यास्नी सोडा, सायब. माझ्या हातानं थेंब पडंना, म्हणून त्येनी घातलं. पयल्या दोन दिसांत बरं वाटलं. मीच म्हटलं, आणखी घाला."

ते थेंब विकणाऱ्या औषध दुकानदाराला बोलावलं. तो निर्धास्त होता. "लाल डोळ्याला आमी हेच देतो की. समद्यास्नी गुण येतोय." डॉक्टरची चिठ्ठी न बघता औषध विकल्याचा अहवाल मी औषध निरीक्षकांकडे पाठवला. दुकान काही दिवस बंद राहिलं, पुन्हा उघडलं.

नवऱ्याला सोडलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "म्हंजे डोळा माझ्याच हातानं गेला न्हवं?"

मी सुटकेची नोंदवही त्याच्यापुढे सरकवली. मारल्याबद्दल माफी मागितली नाही. वर्दीत ते जमत नसे. कबुली मिळाली की तपास संपला, असं मी तोवर मानत होतो. त्या माणसाने पहिल्याच प्रश्नाला खरं सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं नाही.