बाबांची खाट आत आणली

मंडळी, गोव्यात कसली थंडी, असं मीही म्हणायचे. पण गेल्या डिसेंबरात पहाटेच्या गारठ्याने माझ्या सासऱ्यांचा दमा असा उसळला की साखळी गावच्या दवाखान्यात चार दिवस काढावे लागले.

सुर्ल्याच्या खाणीवर आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. झोपायला उघडी ओसरीच हवी.

आज मी ठरवलंच. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फटींत जुने कपडे कोंबले, गोधड्यांना ऊन दाखवलं आणि त्यांची खाट आत ओढायला लागले.

"माका आत घुसमटता गो!" ते रागावले.

"बाबांनू, गेल्या वर्षी तुमचो श्वास मोजत बसलंय. माका परत तसा बसूचा नाय."

मग उठून खाटेचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

तुमच्या घरातल्या हट्टी माणसाला तुम्ही काय सांगता?